सौर सायकलची रंगीत तालीम: नागपूर–सेवाग्राम–बोरधरण

तयारी: आधी गणित

सौर सायकलवर लांब जायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, पॅनल किती वॉटचं? हा प्रश्न खरं तर तिसरा. पहिला प्रश्न, आपल्या गाडीला एका किलोमीटरला किती वॉट-अवर (विजेचं माप; हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट) लागतात? दुसरा, भर दुपारी तीन तास एका जागी थांबायची तयारी आहे का? या दोन्हींची उत्तरं मिळाली की पॅनलचा आकडा आपोआप ठरतो.

सौर सायकलवर देशच्या देश पार करता येतात, हे २०१३ मध्ये ‘सन ट्रिप’च्या पहिल्याच मोहिमेने दाखवलं. फ्रान्समधून निघालेले सायकलस्वार कझाकस्तानातल्या अस्तानापर्यंत गेले होते. आपल्याकडे श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातूनच जातो. त्यामुळे दक्षिणेकडच्या लांब प्रवासाची सुरुवात इथून करणं सोयीचं. त्याआधी गाडी, सामान आणि हिशोब तपासायला ही छोटी फेरी काढली. आम्ही दोघं, एक सौर सायकल (मोटर, बॅटरी आणि मागे जोडलेल्या छोट्या ट्रेलरवर सौर पॅनल) आणि एक साधी. साधी सायकल महामार्गावर ट्रेलरच्या मागे राहायची. ही सोय प्रत्येकाने करावी.

हंगाम फेब्रुवारीचा निवडला, आणि तो फक्त विदर्भाच्या उन्हाळ्याच्या धास्तीने नव्हे. मे महिन्यात नागपुरात सूर्य डोक्यावर येतो, ऊन भरपूर असतं, पण पॅनलचा पृष्ठभाग ६५–७० अंशांपर्यंत तापतो. सिलिकॉनचं पॅनल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात १२ ते १८ टक्के तिथेच गेले, आणि चालवणाऱ्याचे हाल वेगळे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५४ अंशांच्या आसपास उंच असतो. पॅनल दक्षिणेकडे कललं की तेवढी उंची पुरते.

बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची, म्हणजे ५०४ वॉट-अवर, वजन तीन किलोच्या आसपास. पॅनल १०० वॉटची दोन, लवचीक प्रकारची. एकूण वजन असं: चालवणारा ७०, मोटरसकट सायकल २२, बॅटरी ३, पॅनलसकट ट्रेलर १४, सामान १६. झाले १२५ किलो. पायडल मारत ताशी १७–१८ किलोमीटरने गेलं तर एवढ्या वजनाला सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे ७ ते ९ वॉट-अवर लागतात. चढाची भीती मात्र अनाठायी आहे. वर्धा नागपूरपेक्षा सुमारे ७५ मीटर खाली आहे. येताना तेवढी उंची चढायला मोटरचं नुकसान धरूनही ३५ वॉट-अवरच्या आसपास पुरतात. समोरून वारा सुटला की एवढी वीज दहा-पंधरा किलोमीटरमध्येच जास्तीची जाते.

तयारी: जुळवणी

मोटर पुढच्या चाकात बसवली. मागच्या चाकात मोटर असली की तिच्या चपट्या, जाड आसावर ट्रेलरचं कडं नीट बसत नाही आणि पंक्चर काढताना मागचं सगळं खोलावं लागतं. पुढच्या मोटरला एक अट आहे: फोर्क लोखंडी हवा. ॲल्युमिनियमच्या किंवा सस्पेन्शन फोर्कच्या खाचा मोटरच्या पिळाने फाटतात आणि तेव्हा चाक चालत्या गाडीतून निसटतं. लोखंडी फोर्क असला तरी टॉर्क आर्म (मोटरचा आस फिरू न देणारी पट्टी) लावायचाच आणि नट ३५–४० न्यूटन-मीटरवर आवळायचे. कायद्याची बाजू सोपी: २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा पाळली की नोंदणी, परवाना काही लागत नाही.

ट्रेलरची चौकट ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची, दोन चाकं १६ इंची. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीला पाइप, अँगल, बिजागऱ्या सगळं एका फेरीत मिळतं. विजेचं किरकोळ सामान सीताबर्डीवर. १६ इंची चाकं मुद्दाम घेतली, कारण लहान मुलांच्या सायकलचा तो आकार आहे आणि त्याचे ट्यूब-टायर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात असतात. सगळ्या ट्यूबना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घ्यावा. बारीक व्हॉल्व्हमध्ये हवा भरायला पंक्चरच्या टपरीवर तोंडच मिळत नाही.

लवचीक पॅनल हातात घेतलं की हलकं आणि मजबूत वाटतं. पण पाठीला आधार न देता ट्रेलरवर बांधलं, तर रस्त्याच्या थरथरीने आतल्या सेलना केसांएवढ्या चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, दर आठवड्याला वीज मात्र थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून पाठीला सहा मिलिमीटरचा पोकळ पॉलीकार्बोनेट पत्रा लावला. तो चौरस मीटरला सव्वा किलोच्या आसपास भरतो. एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) पत्रा उष्णता जास्त चांगली खेचतो, पण वजन जवळजवळ तिप्पट. पत्रा आणि चौकट यांत दोन बोटं मोकळी जागा ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो.

सगळ्यात उपयोगी ठरली ती बिजागरी. एक पॅनल ट्रेलरवर कायमचं आडवं आणि दुसरं त्याखाली मिटलेलं. चालताना रुंदी फक्त ५४ सेंटिमीटर, म्हणजे ट्रकच्या शेजारूनही धास्ती नाही. थांबल्यावर दुसरं उघडायचं, आडकाठी लावायची आणि दोन्ही सूर्याकडे कलती करायची. बोल्टना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे) आणि रुंद वायसर लावले. केबल टायच्या भरवशावर पॅनल सोडू नये, ट्रकच्या वाऱ्याने ते शिडासारखं उचललं जातं.

वायरिंगमध्ये लोक जिथे हमखास फसतात ती जागा अशी. एका पॅनलचा व्होल्टेज १८ च्या आसपास आणि बॅटरी ३६ ची, म्हणजे व्होल्टेज चढवणारा बूस्ट एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज कंट्रोलर) लागतो. दोन पॅनल मालिकेत जोडली तर मोकळा (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४२–४३ होतो, बॅटरीच्याही वर. मग बूस्ट कंट्रोलरला आवरता येत नाही आणि वीज सरळ बॅटरीत घुसते. समांतर जोडली तर ११ अँपिअरचा प्रवाह छोट्या कंट्रोलरला झेपत नाही. त्यामुळे प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा कंट्रोलर लावावा. एकावर सावली आली तरी दुसरं पूर्ण चालतं, आणि एक कंट्रोलर जळला तरी प्रवास थांबत नाही.

भरण्याची मर्यादा ४२ ऐवजी ४१.२ व्होल्ट ठेवली, त्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. हा क्रम उलटा झाला तर कंट्रोलरला समोर बॅटरीच दिसत नाही, व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोलर जातो. डब्याच्या झाकणावर हा क्रम रंगाने लिहून ठेवावा, कारण थकल्यावर डोकं चालत नाही.

चाचणी: फुटाळा ते सेमिनरी हिल्स

सामान पूर्ण लादून फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सचा चढ. या चढावर दोन गोष्टी पाहायच्या. एक, मोटरला हात लावून ती किती तापली. हात टेकवून ठेवता आला तर ठीक. दुसरी, उतारावर ट्रेलर डुलतो का. डुलत असेल तर वजन मागे गेलंय. सामान असं रचावं की ट्रेलरची दांडी हुकच्या काट्यावर तोलली तर दोन ते तीन किलो भरावी. वजन आसाच्या मागे गेलं की सायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि ताशी २५ च्या पुढे ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आमच्या सामानात पाण्याचे पाच लिटर मागे होते, ते पुढे घेतल्यावर डुलणं थांबलं.

पहिला दिवस: नागपूर–बुटीबोरी–केळझर–पवनार–सेवाग्राम

तर्री पोहे खाऊन उजाडता उजाडता निघालो. तर्री झणझणीत, वर चणे, सोबत कच्चा कांदा. थंडीत याहून चांगली सुरुवात नाही, फक्त पाणी सोबत जास्त घ्यावं.

वर्धा रोडवर अजनीपासून विमानतळाच्या चौकापर्यंत दुमजली उड्डाणपूल आहे, वर मेट्रो. त्याखाली सौर सायकल म्हणजे साधी सायकल. मीटरवर चार-पाच वॉट, मध्येच फटीतून तीस, पुन्हा चार. खापरीनंतर आकाश मोकळं झालं. जामठ्याच्या स्टेडियमपाशी एकटं वरचं पॅनल ४० वॉट देत होतं, तेही सूर्य अजून तिरपा असताना.

सावलीचा हिशोब दिशेप्रमाणे बदलतो. पॅनलमधले सेल मालिकेत असतात, त्यामुळे एका सेलवर पडलेली पंजाएवढी सावलीसुद्धा सगळ्या ओळीचा प्रवाह अडवते. सकाळी वर्ध्याकडे जाताना सूर्य डाव्या हाताला, सावली उजवीकडे आणि पुढे, म्हणजे मागचा ट्रेलर मोकळा. सरळ दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर मात्र दुपारी चालवणाऱ्याची सावली थेट मागे पॅनलवर पडते. कन्याकुमारीच्या वाटेवर हे रोजचं होणार. त्यावर उपाय दोनच: ट्रेलरची दांडी वीतभर लांब करणं, आणि भर दुपारी न चालवणं.

बुटीबोरीला महामार्ग ४४ सोडून वर्ध्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू, कुठे शेवटची वेचणी चाललेला कापूस. कापसाचे तंतू आणि कारखान्यांची धूळ पॅनलवर बसते. केळझरच्या अलीकडे चहाला थांबलो तर एक शेतकरी काका आले, ट्रेलरभोवती फिरले आणि बोटाने पॅनलवर रेघ ओढली.

“हे पुसत नाई का जी? माह्या पंपाचे पॅनल आठ दिवस नाई धुतले त पाणी कमी फेकते. अन् दुपारी नका धुऊ, तापल्या काचेवर गार पाणी बरं नाई. पहाटं धुवा.”

त्यांच्या शेतात तीन एचपीचा सौर पंप होता आणि पॅनल किती तिरपं ठेवावं हेही त्यांना नीट ठाऊक होतं. ओल्या कापडाने पुसल्यावर मीटर ६२ वरून ६६ वर गेला. सौर पंप गावोगाव पोचल्यामुळे रस्त्यावर भेटणाऱ्या शेतकऱ्याशी या गाडीबद्दल बोलणं फार सोपं जातं. शहरात लोक ‘किती स्पीड’ विचारतात, गावात ‘किती व्होल्ट’.

केळझरचा सिद्धिविनायक टेकडीवर आहे आणि गावाची ओळख पुराणातली एकचक्रानगरी अशी सांगतात. तिथला चढ मोटरने सहज ओढला. पुढे सेलू, मग पवनार. पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि बॅटरीत ९० वॉट-अवर उरले होते.

हे मुद्दाम ठरवून केलं होतं, आणि या सगळ्या प्रवासातला महत्त्वाचा धडा हाच आहे. साध्या ई-सायकलवर मुक्कामाला पोचेपर्यंत बॅटरी पुरवायची असते. सौर सायकलवर बॅटरी दुपारच्या थांब्यापर्यंत रिकामी व्हायला हवी. थांब्यावर पोचताना ती ७५ टक्के भरलेली असेल तर दिवसातलं सगळ्यात चांगलं ऊन घ्यायला जागाच उरत नाही. सकाळी मोटरची मदत सढळ हाताने घ्यावी, संध्याकाळी आवरती.

धाम नदीच्या काठी पॅनल उघडली. वर विनोबांचा आश्रम. पॅनल सूर्याकडे नेमकं करायला होकायंत्र लागत नाही. पॅनलवर पेन उभा धरायचा आणि त्याची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनल हलवायचं. नागपूर-वर्ध्याकडे फेब्रुवारीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास, म्हणून थांबा पावणेबारा ते तीन ठेवावा. साडेबाराला दोन्ही मिळून १५५ वॉट बॅटरीत जात होते. दोनशे लिहिलेल्या पॅनलकडून रस्त्यावर एवढंच मिळतं, आणि ते चांगलं आहे. दर वीस मिनिटांनी उठून पॅनल फिरवायचं, एवढंच काम. मधल्या वेळात काठावर संत्री विकणाऱ्या मावशींकडून मृग बहाराची संत्री घेतली. सालीने घट्ट आणि चवीला गोड.

तीन वाजेपर्यंत ४०० वॉट-अवर आत आले. सेवाग्रामला पोचलो तेव्हा बॅटरी ४२० वर होती. गांधीजी इथे १९३६ मध्ये आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापू कुटीच्या मातीच्या भिंती, कौलं आणि बांबू आजही दुपारी आत गारवा धरतात. मुक्काम आश्रमासमोरच्या यात्री निवासात.

दुसरा दिवस: सेवाग्राम–वर्धा–बोरधरण

पहाटे दव इतकं होतं की पॅनलवर पाणी साचलं होतं. तेच पाणी कापडाने फिरवून पॅनल पुसलं, काकांचा सल्ला लगेच कामी आला. दवाच्या दिवसांत कनेक्टरच्या तोंडाखाली वायरला खाली वाकलेला झोल ठेवावा. थेंब झोलावरून गळतो, जोडात शिरत नाही.

वर्ध्यात मगन संग्रहालय पाहावंच. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे ग्रामोद्योगांचं संग्रहालय. चरख्यांचे इतके प्रकार एका जागी क्वचित दिसतात, आणि माणसाच्या हाता-पायाच्या ताकदीतून जास्तीत जास्त काम कसं काढायचं, याचा विचार केलेली यंत्रं सायकलवाल्याने तरी निवांत बघावीत. बाहेर पडून गोरस भांडारातला गोरसपाक बांधून घेतला. प्रवासात हे फार चांगलं खाणं: पिशवीत टिकतं आणि दोन तुकड्यांत दहा किलोमीटर निघतात.

सेलूच्या अलीकडे ट्रेलरचं डावं चाक बसलं. बाभळीचा काटा, पट्टीच्या कडेतून शिरलेला. टायरच्या आत काटारोधक पट्टी होती, पण ती टायरच्या मधल्या भागापुरतीच असते. कडेने आलेला काटा ती अडवत नाही. टपरीवरच्या दादाने चाक हातात घेतलं आणि हसला, “हे त पोराच्या सायकलचं हाय.” दहा मिनिटांत काम झालं. नव्या ट्यूबचे पैसे घेऊन जुनी ठिगळ लावून परत दिली, वर चाकांच्या आसांना ग्रीसही भरून दिलं.

हिंगणीनंतर रस्ता खडबडीत. इथे ट्रेलरच्या जोडाचा नट हलका झालेला सापडला. दर थांब्यावर चार जागी हात फिरवायची सवय असावी: ट्रेलरचा जोड, बिजागऱ्या, पुढच्या चाकाचे नट, बॅटरीचा पट्टा. जोडाला सोबत कापडी सुरक्षा पट्टा बांधलेला असावा, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलर रस्त्यात मोकळा धावत नाही.

एकला बोरधरणाला पोचलो, बॅटरी १३० वर. बोरचं जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. या बाजूला सायकलने येणाऱ्यांनी चारच्या आत मुक्काम गाठावा, अंधारात जंगलाच्या कडेने जाऊ नये. धरणाच्या पाण्यावर पांढरे ढग सरकत होते. पॅनलवर ढगाच्या कडेमुळे क्षणभर १६५ वॉट, लगेच ४०. दोन वाजल्यानंतर ढग दाटले ते हललेच नाहीत. दिवसभराची बेरीज संपली तेव्हा बॅटरीत २६० वॉट-अवर. रात्री पाटवडी रस्सा आणि ज्वारीची भाकरी. बाहेर वीज चमकत होती.

तिसरा दिवस: अवकाळी ढगांतून परत

फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी पाऊस नवा नाही. पहाटे शिंतोडे पडले आणि आकाश राखाडी राहिलं. नागपूर ७५ किलोमीटर. अशा दिवशी पॅनल नेहमीच्या चौथ्या हिश्शापर्यंत येतं, म्हणजे दिवसभरात जेमतेम शंभर-सव्वाशे. त्यामुळे हिशोब नव्याने मांडावा लागतो: मदत सगळ्यात खालच्या पायरीवर, किलोमीटरमागे ६ वॉट-अवर, चढाला आणि चौकातून निघतानाच मोटर. ढगाळ दिवशी पॅनल कलती करून सूर्य शोधण्यात अर्थ नाही. उजेड सगळीकडून येतो, ती आडवीच बरी.

गार हवेत पायडल मारणं सुखाचं होतं. सेलूला आलूबोंडा आणि तिखट रस्सा, मग केळझरचा घाट पायांच्या जोरावर. बुटीबोरीला पोचलो तेव्हा बॅटरीत ४० उरले होते. चहाच्या हॉटेलात काकूंना विचारून दोन अँपिअरचा चार्जर लावला. दीड तासात ११० वॉट-अवर, म्हणजे एका युनिटचा नववा हिस्सा. पैसे पुढे केले तर त्या म्हणाल्या, “फ्रिजच याहून जास्त खाते बाप्पा, चहा घ्या अजून एक.” चहा घेतला आणि चहाचे पैसे दोनदा दिले. लांबच्या प्रवासात चार्जर सोबत हवाच. सौर म्हणजे प्लगला हातच लावायचा नाही, असा हट्ट धरला तर दोन ढगाळ दिवसांत प्रवास अडकतो. सात-आठशे ग्रॅमचं हे वजन सार्थकी लागतं.

खापरीच्या पुढे मेट्रोच्या पुलाखाली आलो तेव्हा पॅनलवर शून्य आणि बॅटरीत ३०.

लांब पल्ल्यासाठी बदलायच्या गोष्टी: ट्रेलरची दांडी २० सेंटिमीटर लांब, ट्रेलरच्या टायरना कडेपर्यंत येणारी जाड पट्टी, जोडाला नायलॉक नटाऐवजी पिन घातलेला बोल्ट, आणि मोटरच्या चाकाच्या चार जादा तारा. त्या साध्या तारांपेक्षा आखूड आणि जाड असतात, वाटेत मिळत नाहीत, म्हणून नागपुरातच कापून, आटे पाडून घ्याव्यात. तंबूचं वजन तीन किलोंवरून दीडवर आणता आलं तर किलोमीटरमागे फार वाचणार नाही, पण ट्रेलरच्या आसावरचा ताण कमी होईल आणि पाण्याचे दोन लिटर जास्त घेता येतील. हिंगणघाटच्या पुढे दक्षिणेकडे ते पाणी लागणार आहे.